एकवीस घरं, एक विहीर

"सगुणाबाई, शेवटची टाचणी कुठली ते तरी सांगून जा!"

मी फाटकापर्यंत पळाले, पण जीप वळणावर पोचली होती. मागच्या बाकावर दोन नर्सबायांच्या मधे सगुणाबाईचं पांढरं डोकं दिसत होतं. तिनं हात हलवला, जणू मी तिला निरोपच द्यायला आले होते. जीप गेली, धूळ खाली बसली आणि मी चपला हातात घेऊन रस्त्यात उभी.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातली. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मिशनचं आवार होतं, आणि त्या आवारात बायकांची लेसशाळा. मी एकोणीस वर्षांची होते. नाव सुवार्ता अमोलिक, पण आवारात मला सगळे 'तोंडाळ अमोलिक' म्हणायचे, आणि खोटं सांगत नाही, ते बरोबरच होतं. लेसशाळेत पंचवीस बायका क्रोशाच्या सुईवर काम करायच्या. उशीवरची लेस मात्र एकटी सगुणाबाई रणभिसे करायची.

उशीवरची लेस तुम्ही पाहिली नसेल. भुसा दाबून भरलेली गोल, कडक उशी. तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला पुठ्ठा. भोकांत टाचण्या खोचायच्या आणि दोऱ्यांच्या जोड्या त्या टाचण्यांभोवती फिरवायच्या. प्रत्येक दोरा पेन्सिलीएवढ्या लाकडी काडीला गुंडाळलेला असतो, त्या काडीला आम्ही बाबीण म्हणायचो. सगुणाबाईच्या उशीवर अठरा जोड्या, म्हणजे छत्तीस बाबिणी. ती त्या अशा फिरवायची की लांबून नुसता टिकटिक आवाज यायचा आणि हात दिसायचेच नाहीत.

सहा महिन्यांपूर्वी मला तिच्या हाताखाली दिलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं मला एकच गोष्ट शिकवली. दोन जोड्या एकमेकींवरून घ्यायच्या, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची, पुन्हा एकमेकींवरून, पुन्हा पीळ. आता टाचणी बंद झाली. "दार लावल्याबिगर पुढं जायाचं न्हाई," ती म्हणायची. मी एकदा उघडी टाचणी तशीच टाकून पाणी प्यायला गेले, तर परत आल्यावर तिनं माझं सगळं उसवून ठेवलं होतं. मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते आता सांगत नाही.

आता झालं असं होतं. मुंबईच्या एका घरच्या मुलीच्या लग्नातल्या व्हेलला, म्हणजे नवरीच्या डोक्यावरच्या जाळीदार ओढणीला, चार वार किनार हवी होती, उशीवरची, आणि अठरा डिसेंबरच्या चारच्या टपालाला ती गेलीच पाहिजे होती. लेसशाळेच्या प्रमुख उजागरेबाई. बाई शिस्तीच्या, पण मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी ऑर्डर आली त्या दिवशीच सगुणाबाईला सरळ सांगितलं होतं.

"कमिटी म्हणते, उशीला फार वेळ जातो. तेवढ्या वेळात क्रोशाच्या चार किनारी होतात. ही ऑर्डर वेळेत गेली तर मी त्यांच्याशी भांडू शकते. नाही गेली, तर उशी गोडाऊनला जाईल आणि तुम्हाला धुलाईत घ्यावं लागेल."

धुलाई म्हणजे तयार लेस धुऊन, खळ लावून, ताणून वाळवायची. बासष्टाव्या वर्षी दिवसभर पाण्यात हात. सगुणाबाईनं उशीवरची चादर काढली आणि कामाला लागली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. त्या उशीशिवाय तिचं म्हणावं असं आवारात काय होतं, मला तरी दिसलं नाही.

किनार अकरा फेरे उरली होती. फेरा म्हणजे नक्षी एकदा पुरी होणं, दोनेक इंच. पान, त्याच्याभोवती जाळी, आणि काठ. आणि नेमकं तेव्हा डोळ्यांचे मोठे डॉक्टर गावातल्या इस्पितळात आले. वर्षातून एकदाच यायचे. सगुणाबाईचा उजवा डोळा मोतीबिंदूनं पिकला होता आणि त्या दिवशी एका बाईनं ऑपरेशनला नकार दिल्यामुळं तिची जागा रिकामी झाली. जीप दारात उभी राहिली, नर्सबाई घाई करत होती. सगुणाबाई अर्ध्या फेऱ्यात होती. तिनं हातातली जोडी खाली ठेवली, चादर टाकली आणि उठली.

तेव्हा मी नळावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी उजागरेबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सुवार्ता, तू बस उशीवर."

"मी?"

"दुसरं कोण बसणार? सहा महिने शिकतेयस ना?"

चादर काढली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. छत्तीस बाबिणी पसरलेल्या. शे-सव्वाशे टाचण्या उभ्या. शेवटची टाचणी कुठली, ती बंद केली की उघडी, पुढची कुठं, काही म्हणजे काही कळेना. पुठ्ठ्यावर भोकं होती, पण पुठ्ठा म्हातारा. कुणा गोऱ्या मॅडमनं पन्नास वर्षांपूर्वी काढलेली नक्षी, तिची नक्कल, त्या नक्कलेची नक्कल. भोकं टाचणी कुठं ते सांगतात. आधी कुठली आणि नंतर कुठली, ते कुणी लिहून ठेवलेलंच नव्हतं. ते फक्त सगुणाबाईच्या डोक्यात होतं.

मी बाबिणींना हात लावला नाही. दिवसभर नुसती बघत बसले आणि क्रोशावाल्या बायका माझ्याकडे बघत बसल्या.

बुधवारी भेटायला परवानगी मिळाली. इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, अर्ध्या तासाची चाल. सगुणाबाई उताणी पडली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. नर्सबाईनं मला दहा मिनिटं दिली आणि बजावलं, "तिला हसवू नका." माझी कीर्ती इस्पितळापर्यंत पोचली होती.

"बाई, मी सुवार्ता."

"वळखलं. चपला घासतच चालतीस तू."

"तुम्ही कुठल्या टाचणीवर थांबलात?"

"सोनारणीच्या चुलीपाशी."

मी नर्सबाईकडं बघितलं. मला वाटलं, गुंगी उतरली नाही अजून. "बाई, मी लेसबद्दल विचारतेय. किनार. व्हेलची किनार."

"मंग मी काय सैपाकाचं सांगतीय का? सोनारणीच्या चुलीपाशी थांबलीय. दार लावलंय. पुढं तेल्याचं घर."

मी खाटेच्या कडेवर बसले. तिनं हाताने मला खूण केली, जवळ ये म्हणून, आणि आवाज खाली आणला.

"पुठ्ठा मला दोन वर्सं झाली, दिसत न्हाई. हे उजागरेबाईला सांगू नको. आन् दिसत व्हता तवा बी मी त्याच्याकडं बघत नव्हते. बघून ध्येनात ऱ्हातंय व्हय? छत्तीस बाबिणी, एका फेऱ्याला बावीस टाचण्या. कुनी हाक मारली की गेलं. म्हणून मी घरं मोजते."

"कसली घरं?"

"माझ्या गावची. एकवीस घरं, एक विहीर. एका टाचणीला एक घर. कुनी हाक मारू दे, जेवायची घंटा होऊ दे, दोन दिस ताप येऊ दे. मी कुनाच्या घरापाशी व्हते ते इसरत न्हाई. तुला तुझी घरची गल्ली ध्येनात ठिवावी लागती का?"

मी पदराच्या टोकाला गाठ मारायला लागले. "सांगा."

"कुलकर्ण्याच्यापासून निघायचं. तिथं ताकाचा वास. तिथं काय न्हाई, टाचणी, दार लावायचं, पुढं. मंग देशपांड्याची भिंत, लांबच्या लांब. तिथं सरळ कापडावानी विणत जायाचं. मंग शिंपी. शिंप्याच्या तिथं चिंध्या पडलेल्या असत्यात, त्या उचलायच्या."

"म्हणजे?"

"म्हंजी बाजूची एक जोडी घ्यायची गं. तिथं जोडी कमी पडती. आन् पुढं कुंभाराच्या तिथं ती ठिवून द्यायची, खापरांच्या ढिगात. घेतलेलं घरी न्यायचं न्हाई."

मी हसायला लागले होते, पण तिला हसायची परवानगी नव्हती म्हणून गिळलं. तिनं एकेक घर सांगितलं. वाण्याच्या तिथं गुळाचं रिकामं पोतं. पाटलाच्या तिथं कुत्रं, तिथं दोन पीळ द्यायचे आणि भराभर निघायचं. सोनारणीच्या चुलीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून तिथं जोडी डावीकडून नाही, उजवीकडून घ्यायची. तेल्याच्या तिथं पेंडीचा वास. प्रत्येक घराला काही ना काही होतं आणि त्या काही ना काहीमधे हाताचं काम लपलेलं होतं. मी म्हणून दाखवायची, ती चूक काढायची. आंधळ्या पट्टीखाली तिच्या ओठांची कडा हलत होती. खाटेवरच्या चादरीवर तिची बोटं चालत होती.

"अठरावी विहीर. तिथं पानाचं देठ येतं. विहिरीपाशी थांबायचं. मंग…"

"वेळ झाली," नर्सबाई म्हणाली.

"एकच मिनिट."

"डॉक्टर आले. निघा."

पुढची चार घरं सगुणाबाईनं मला दारापर्यंत जाताना ओरडून सांगितली आणि नर्सबाईची बोलणी खाल्ली. मी रस्ताभर घरं घोकत आले. कुलकर्णी, देशपांडे, शिंपी, वाणी. समोरून येणाऱ्या एका सायकलवाल्याला धडकले आणि तरीही मोजणी सुटली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई किती हुशार आहे. शाळेत तिसरीच्या पुढं गेली नव्हती ती.

गुरुवारी सकाळी सोनारणीच्या चुलीपासून मी सुरुवात केली. काय सांगू, हात चालायला लागले. तेली. न्हावी. कुंभार, जोडी ठेवून दिली. विहीर आली. थांबायचं. मी थांबले. पण थांबायचं म्हणजे काय करायचं? टाचणी खोचली होती. बाईचा पहिला नियम आठवला, दार लावल्याशिवाय पुढं जायचं नाही. दार लावलं, हात जोडून दहा आकडे मोजले आणि पुढं गेले.

फेरा पुरा झाला. पान जरा वाकडं आलं. मी मनाला समजावलं, नवा हात आहे, धुतल्यावर सरळ होईल. दुसरा फेरा घेतला. शनिवारी दुपारी दुसरं पान संपलं तेव्हा माझ्या हातात एक जोडी जास्त उरली आणि पानाच्या देठाशी बोट जाईल एवढं भोक.

क्रोशावाल्यांपैकी एक मार्थाबाई उठून आली, भोकात बघितलं आणि म्हणाली, "हे पान आहे की बशी?"

मी तिला काही बोलले नाही. यावरून माझी काय अवस्था होती ते समजून घ्या.

रविवारी काम बंद. चर्चमधे मी सगळा वेळ विहिरीपाशी थांबून होते. सोमवारी उजागरेबाई आल्या.

"किती झालं?"

खोटं बोलायचा विचार मनात आला, पण उशी समोरच होती. "दोन फेरे. दोन्ही चुकले. उसवावे लागतील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे अकरा होते ते अकराच. आठ दिवस राहिले, त्यातला एक रविवार."

"हो."

"सुवार्ता, तुला जमत नसेल तर आत्ता सांग. मी मुंबईला तार करते. उद्यावर ढकलून उपयोग नाही."

मला माझा भित्रेपणा ठाऊक होता. सहा महिने मी ती उशी सुटावी म्हणून वाट बघत होते, आणि आता कुणीतरी सोडवत होतं. पण मला डोळ्यांसमोर सगुणाबाईचे हात दिसले, खळीच्या पाण्यात.

"जमेल," मी म्हणाले. "मला एक गोष्ट विचारून येऊ दे."

विणण्यापेक्षा उसवणं जास्त जिकिरीचं असतं, हे ज्याला माहीत नाही त्याला सुखी समजावं. एकेक टाचणी काढायची, एकेक पीळ उलटा फिरवायचा, आणि एक दोरा तुटला की सगळं गेलं. तीन वाजेपर्यंत मी सोनारणीच्या चुलीपाशी परत आले आणि तशीच इस्पितळाकडे पळाले.

सगुणाबाईला आता खाटेच्या उशाला टेकवून बसवलं होतं. वाळूच्या पिशव्या गेल्या होत्या, पट्टी होती. मी धापा टाकत सांगितलं, पान, भोक, उरलेली जोडी.

"विहिरीपाशी काय केलंस?"

"थांबले."

"आन्?"

"दार लावलं. मग पुढं गेले."

तिनं चादरीवर एक बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "ते सांगायचंच ऱ्हायलं, न्हाई का? विहिरीला दार नसतं, पोरी. ती टाचणी उघडी ठिवायची."

"उघडी? तुम्हीच शिकवलंत ना…"

"ती एक उघडी ठिवायची. बाकी सगळी बंद."

"आणि किती वेळ थांबायचं तिथं?"

"कुनी पानी घालंस्तोवर."

मी वैतागले. वेळ जात होता आणि ही बाई कोड्यात बोलत होती. "अहो बाई, पाणी कोण घालणार? आपलं आपण काढायचं ना? तुमच्या गावात विहिरीवर रहाट नव्हता का? आणि ही गल्ली तरी कसली, सगळ्यांची चूल, चिंध्या, खापरं, गोठे. दारात कुणाच्या काहीच नाही? रांगोळी नाही, ओटा नाही, माणूस नाही?"

"गल्ली न्हाई ती," सगुणाबाई म्हणाली. "मागची वाट हाय."

"मग पुढून सांगा की. पुढून सोपं पडेल मला."

"पुढून मी कधी गेलेच न्हाई. आमची वस्ती गावाबाहेर. आमच्या माणसानं गल्लीतून जायचं नव्हतं. मागच्या वाटेनं जायचं, घरांच्या पाठीकडनं. मी अकराव्या वर्सापतुर तिथं व्हते. एकवीस घरांच्या पाठी मला पाठ हायेत, त्यांची तोंडं मी पाहिली न्हाईत."

माझे आजोबा कुठल्या वस्तीतून आवारात आले ते मला माहीत होतं. घरात कधीतरी बोलणं व्हायचं. पण मी आवारात जन्मलेली, शाळेत गेलेली, आवारातल्या नळाचं पाणी भरलेली. मी कधी विचारच केला नव्हता.

"आन् विहीर?" तिनं आपणच पुढं सांगितलं. "तिला हात लावायचा नव्हता. घागर खाली ठिवायची आन् लांब हुभं ऱ्हायचं. कुनी बाई आली, तिच्या मनात आलं, तर ती वरून पानी घालायची. कधी लवकर यायची. कधी ऊन डोक्यावर यायचं. कधी तशीच रिकामी घागर घिऊन घरी."

मला राग आला. असा आला की डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला. "मग तीच वाट कशाला रोज चालता तुम्ही?" मी म्हणाले. "दिवसातून तीनतीनदा! पन्नास वर्षं! दुसरी घरं नव्हती मोजायला? आपल्या आवारातल्या खोल्या मोजायच्या. झाडं मोजायची. मी नाही थांबणार त्या विहिरीवर."

नर्सबाईनं दारातून बघितलं. सगुणाबाईनं माझा हात चाचपडून शोधला आणि धरला. तिची बोटं टाचण्यांनी खरखरीत झाली होती.

"तुला कुनी थांब म्हटलं?" ती म्हणाली. "नीट ऐक. टाचणी खोचायची. उघडी ठिवायची. तिथं जोडी ठिवली की तू निघायचं. सावकाश पान करायचं. देठापासून निघून टोकापतुर जायाचं, दुसऱ्या बाजूनं खाली यायचं. घाई करायची न्हाई. पान मनासारखं झालं की मंग परत यायचं आन् तवा ती टाचणी बंद करायची. तवर ती उघडी. तिला पुढं जाता येत न्हाई आन् मागं जाता येत न्हाई."

"म्हणजे…"

"म्हंजी कोन थांबलं?"

मी तिच्या पट्टीकडं बघत राहिले.

"मी थांबत न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "तवा थांबले तेवढं बास झालं. आता विहीर थांबती. मी येईस्तोवर."

मी तिच्या हातावर कपाळ टेकवलं. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि म्हणाली, "जा आता. पोस्ट काय थांबनार न्हाई तुझ्यासाठी."

मंगळवारपासून मी बसले. कुलकर्ण्याच्या मागून निघायची, भिंतीच्या कडेनं, चिंध्या उचलून, कुत्र्यापासून भराभर, धुरातून. विहिरीशी आले की टाचणी उघडी टाकायची आणि मुद्दाम सावकाश पान विणायची. खरं सांगते, मला ते पान विणताना असा आनंद व्हायचा की मार्थाबाईनं विचारलं, "काय गं, उशीत काय बघून हसतेयस?" पहिल्या दिवशी एकच फेरा झाला. दुसऱ्या दिवशी दीड. मग दोन. हाक ऐकू येईना, घंटा ऐकू येईना, आणि ऐकू आली तरी मी कुठं आहे ते मला पक्कं माहीत असायचं. उजागरेबाई रोज संध्याकाळी यायच्या, पुरे झालेले फेरे बोटानं मोजून जायच्या.

सतरा तारखेला दिवे लागायच्या आत दहा फेरे पुरे झाले होते. अकरावा उरला होता. चार तासांचं काम.

अठराला सकाळी नऊ वाजता मी उशीची चादर काढत होते, तेवढ्यात इस्पितळाची जीप आली. सगुणाबाई उतरली. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डावा डोळा पहिल्यापासूनच धुरकट. नर्सबाईनं तिला आणून तिच्या खुर्चीपाशी उभं केलं. मी उठले.

उजागरेबाईंनी पुरी झालेली किनार गुंडाळीतून उलगडली आणि खिडकीपाशी लांब टेबलावर काळ्या कापडावर पसरली. खणातून भिंग काढलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, पुन्हा परत आल्या. खोलीत पंचवीस क्रोशाच्या सुया थांबल्या होत्या.

"सगुणाबाईंचं कुठं संपलं?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवलं.

"इथं?" त्या वाकल्या. पुन्हा भिंग लावलं. "इथं जोड आहे?"

"हो बाई."

त्यांनी त्या जागेवरून नख फिरवलं. मग भिंग खणात ठेवलं आणि खण लावला. "मुंबईवाल्यांना दिसणार नाही. मला दिसत नाही तर त्यांना काय दिसणार. कमिटीशी मी बोलते. ही उशी इथून कुठं हलवायची नाही." आणि सगुणाबाईकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही घरी जाऊन आडवं व्हा. शेवटचा फेरा ही करेल."

"मी करते," सगुणाबाई म्हणाली.

"डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे."

"वाकत न्हाई. ताठ बसते. हातच चालवायचेत."

उजागरेबाईंनी घड्याळाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. ती खुर्चीवर टेकली. पाठ सरळ, तोंड समोरच्या भिंतीकडं. हात उशीवर आले. बोटांनी बाबिणी हलकेच चाचपल्या, छत्तीसच्या छत्तीस. मी तिच्या बाजूला खाली बसले.

"सांग," ती म्हणाली. "कुठं हाय मी?"

"कुलकर्ण्यांच्या दारात."

तिची बोटं थांबली. "मागच्या?"

आदल्या दिवसापर्यंत मी दहा वेळा त्या वाटेनं गेले होते. मला ताकाचा वाससुद्धा यायला लागला होता.

"नाही," मी म्हणाले. "पुढच्या. दार उघडं आहे."

सगुणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पहिली जोडी उचलली आणि निघाली.